गृहीतागमा

गृहीतागमा. हा शब्द तुमच्यापैकी कोणी ऐकलाय का? मी तरी चाळिशी ओलांडेपर्यंत ऐकला नव्हता. मागच्या दिवाळीच्या आधी आईकडे माळा आवरायला काढला तेव्हा माईआजीची पत्र्याची ट्रंक खाली आली (माईआजी म्हणजे माझ्या आजीची मोठी बहीण, आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई), आणि त्या ट्रंकेत नऊवारीच्या फाडलेल्या काठात बांधलेलं कागदांचं एक पुडकं मिळालं. रेशनकार्ड, दोन-चार पत्रं, आणि एक नोकरीच्या अर्जाची नक्कल, तिच्याच अक्षरात, टाकानं लिहिलेली, साल १९३९. खाली सही आणि सहीपुढे 'जी. ए. (गृहीतागमा)'. मला आधी वाटलं बी. ए. लिहिताना चुकली असेल. मग कंसातला शब्द वाचला आणि आईला हाक मारली.

आई म्हणाली, अगं ती कर्व्यांच्या विद्यापीठाची पदवी, तेव्हा तिथे बी. ए. नाही म्हणायचे. गृहीत आणि आगम, जिनं विद्या ग्रहण केली ती गृहीतागमा. आणि त्याच्या पुढची, एम. ए. सारखी, ती प्रदेयागमा, म्हणजे जी आता दुसऱ्याला विद्या देऊ शकते ती. मला हे इतकं आवडलं की मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसून राहिले. पदवीचं नावच असं ठेवलंय की त्यातून बाई वजा करताच येत नाही. बी. ए. म्हणजे बॅचलर, तो शब्द मुळात पुरुषाचा, आणि इथे कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी बसून विचार केला की आमच्या मुलींच्या पदवीचं नाव स्त्रीलिंगीच असेल.

अर्जाच्या नकलेला टाचणीनं एक पोस्टकार्ड लावलेलं होतं. एका शाळेचं उत्तर. शाळेचं नाव इथे लिहीत नाही, त्यात काही अर्थ नाही. मजकूर तीन ओळींचा : आपला अर्ज मिळाला, आपली पदवी सरकारमान्य विद्यापीठाची नसल्याने आपला विचार करता येत नाही, कळावे. बस्स.

तेव्हापासून मी या विद्यापीठाबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलेय आणि म्हणून ही पोस्ट. कारण आपण सगळे एसएनडीटी एसएनडीटी म्हणतो ते हेच, माझी भाची तिथे शिकते, आईनं तिथून पोस्टानं बी. ए. केलं, पण हे विद्यापीठ सुरुवातीला पूर्णपणे खाजगी होतं, सरकारचा एक पैसा नाही, सरकारचा एक शिक्का नाही, आणि असं ते थोडं थोडकं नाही तर ३३ वर्षं चाललं, हे मला धड माहीतच नव्हतं. आज खाजगी विद्यापीठ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हायवेवरची होर्डिंग्ज येतात, काचेच्या बिल्डिंगा येतात आणि फीचा आकडा येतो. १९१६ साली खाजगी याचा अर्थ वेगळा होता. सरकार करत नाही, मोठी विद्यापीठं करत नाहीत, मग आपण वर्गणी काढून करू, असा होता.

कर्व्यांची गोष्ट थोडक्यात सांगते कारण ती बऱ्याच जणांना शाळेपासून माहीत असते. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८, कोकणातल्या मुरुडचे, परीक्षेला बसायला मुरुडहून साताऱ्याला चालत गेले आणि वय कमी दिसतं म्हणून परीक्षकांनी बसूच दिलं नाही. मग एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवी, १८९१ पासून पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवायला. पहिली बायको वारली. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, त्या विधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. या लग्नामुळे मुरुडच्या लोकांनी वाळीत टाकलं. १८९६ ला अनाथ बालिकाश्रम सुरू केला, आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला, एका झोपडीत. जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेली.

आता इथे एक गोष्ट मला डोळ्यासमोर आणल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिंगणं म्हणजे आजचं कर्वेनगर. आज तिथे जायचं तर कर्वे रोडवर सिग्नलला सिग्नल लागतो, डोक्यावरून मेट्रो जाते. त्या वेळी तिथे रस्ता म्हणजे नुसती वाट होती, पावसाळ्यात चिखल, आणि हा माणूस दिवसभर फर्ग्युसनला गणित शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचा, आश्रमाला लागेल ते सामान बरोबर घेऊन, तिथल्या मुलींना शिकवायचा आणि सकाळी परत कॉलेजला. वर्षानुवर्षं. मी गेल्या महिन्यात मुद्दाम फर्ग्युसनच्या गेटपासून कर्वेनगरपर्यंत चालले, चांगला फूटपाथ, चांगले बूट, तरी पाय दुखले.

आणि गोदूबाई, ज्यांना सगळे बाया कर्वे म्हणायचे, आणि त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले, यांचं नाव या सगळ्यात मागे पडतं याचं मला वाईट वाटतं. पार्वतीबाईसुद्धा विधवा. आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायच्या. १९१८ मध्ये ही बाई एकटी अमेरिकेला गेली, इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसे जमवायला, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली आणि १९२० ला परत आली. त्या काळात समुद्र ओलांडायचा म्हणजे पुरुषालासुद्धा प्रायश्चित्त घ्यावं लागायचं, आणि ही तर बाई, त्यात विधवा. संस्थेचा इतिहास म्हटला की फोटोत एक पागोटं दिसतं, पण ती उभी राहिली ती अशा बायकांच्या पायांवर.

विद्यापीठाची कल्पना जपानहून आली, म्हणजे पोस्टानं आली. तोक्योमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांकडे आली होती आणि त्यांनी ती बाजूला ठेवून दिली होती. ते जपानचं विद्यापीठ १९०१ चं. मग १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषद भरणार होती, कर्वे अध्यक्ष, भाषण लिहायचं होतं, तेव्हा ती पुस्तिका पुन्हा हातात आली, आणि त्यांनी त्या भाषणात जाहीरच करून टाकलं की आपण बायकांसाठी वेगळं विद्यापीठ काढू. वय ५७. फर्ग्युसनमधून निवृत्त होऊन एक वर्ष झालेलं. आणि सहा-सात महिन्यांत काढलंसुद्धा! जून १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू. भारतवर्षीय महिला विद्यापीठ. कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. आणि विद्यार्थिनी किती? पाच.

पाच मुली. मी हा आकडा वाचला तेव्हा मला आधी भांडारकरांचंच आश्चर्य वाटलं. एवढा मोठा संस्कृत पंडित, मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू राहिलेला माणूस, वय ऐंशीच्या घरात, पाच मुलींच्या विद्यापीठाचा कुलपती व्हायला तयार होतो. आपल्या नावाला कमीपणा येईल असं त्यांना वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. हे विद्यापीठ नक्की कशासाठी होतं? कारण मुलींना मुंबई विद्यापीठाची दारं तेव्हा बंद नव्हती. मुलगी बी. ए. करू शकत होती, काही जणी करतही होत्या. पण त्यासाठी इंग्रजीतून शिकायला पाहिजे, मुलांच्या कॉलेजात जायला पाहिजे, आणि लहानपणापासून अखंड शाळा झालेली पाहिजे. अशा मुली किती निघणार? हातावर मोजण्याइतक्या. मग बाकीच्यांचं काय, ज्यांची बाराव्या वर्षी लग्नं झाली, ज्या विधवा होऊन विसाव्या वर्षी पुन्हा अक्षरं गिरवायला बसल्या, ज्यांना इंग्रजी येत नाही पण डोकं आहे? कर्व्यांचं विद्यापीठ त्यांच्यासाठी होतं. म्हणून शिक्षण मातृभाषेतून. इंग्रजी एक विषय म्हणून. आणि घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसायची सोय. माईआजी तशीच बसली होती, लग्न झाल्यावर, एक मूल पदरात असताना.

विषयांमध्ये आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्रसुद्धा होतं, आणि यावरून तेव्हाही वाद झाले, आजही होतात. लोक म्हणाले ही दुय्यम पदवी, बायकांना वेगळं हलकं शिक्षण देऊन त्यांना पुन्हा स्वैपाकघरातच ठेवायचा डाव. पुण्यात आगरकरांनी तर त्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं की मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि एकत्र द्या. माझं प्रामाणिक मत विचाराल तर तत्त्व म्हणून मला आगरकरांचंच पटतं. एकच शिक्षण, एकच वर्ग. गृहशास्त्र शिकायचं तर मुलांनीही शिकावं. पण १९१६ मध्ये हिंगण्याच्या त्या मुलींसमोर उभं राहून मी हे तत्त्व सांगितलं असतं आणि दार बंद केलं असतं तर त्या कुठे गेल्या असत्या? माईआजी कुठे गेली असती? कर्व्यांनी समोर असलेल्या बाईकडे बघून विद्यापीठ बांधलं, आदर्श बाईकडे बघून नाही. म्हणून त्यांचा रस्ता मला मान्य आहे, त्यातल्या उणिवांसकट.

पैशाचं काय केलं हे मला सगळ्यात जास्त वाचावंसं वाटतं. सरकार देत नाही म्हटल्यावर लोकांकडे जायचं. पाच रुपये, दहा रुपये अशी वार्षिक वर्गणी. गांधीजींनीसुद्धा वर्षाला दहा रुपये देऊ केले होते. आणि वर्गणी देणाऱ्या माणसाला नुसती पावती मिळत नव्हती, वर्गणीदारांचे मतदारसंघ होते आणि त्यांतून विद्यापीठाच्या सिनेटवर माणसं निवडून जायची. विचार करा, वर्षाला थोडेसे रुपये देणारा एखादा शाळामास्तर किंवा कारकून विद्यापीठ कसं चालावं यावर मत देतोय. खाजगी या शब्दाचा हा अर्थ आपण पार विसरलो.

मग १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आले. मुंबईचे गिरणीमालक. ते जपानला गेले होते, पत्नी प्रेमलीलाबाई बरोबर होत्या, तिथे त्यांनी तेच तोक्योचं महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिलं आणि परत आल्यावर कर्व्यांना पंधरा लाख रुपये देऊ केले. १९२० सालचे पंधरा लाख. व्यवहार असा ठरला की साडेतीन टक्क्यांच्या हिशेबानं दरवर्षी ५२,५०० रुपये विद्यापीठाला मिळतील. आणि विद्यापीठाला नाव त्यांच्या आईचं : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एसएनडीटी म्हणजे ही. माझ्या भाचीला विचारलं तर तिला फुल फॉर्म येत होता पण नाथीबाई कोण हे माहीत नव्हतं, आणि तिचा दोष नाही, आपण सांगतच नाही. विठ्ठलदास पुढे दोनच वर्षांत वारले, पण प्रेमलीलाबाईंनी हे विद्यापीठ सोडलं नाही, पुढे कायदेशीर मान्यता मिळाल्यावर त्याच पहिल्या कुलगुरू झाल्या. दिलेल्या पैशाच्या मागे माणूस उभं राहतं तेव्हा संस्था टिकते. नुसत्या चेकवर टिकत नाही.

आणि कर्वे मात्र थांबले नाहीत. पंधरा लाख आले म्हणून दुसरा कोणी घरी बसला असता. हे १९२९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, जगाच्या फेरीला निघाले, इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान, जिथे जातील तिथे भारतातल्या बायकांच्या शिक्षणावर भाषण द्यायचं आणि पदर पसरायचा. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले, तोक्योत ते विद्यापीठ शेवटी स्वतः पाहिलं. परत येऊन वर्ष होत नाही तर आफ्रिका, तिथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांकडे, सव्वा वर्ष. त्या काळात गुजराती मुलींसाठी मुंबईत आणि गुजरातमध्येही कॉलेजं, शाळा विद्यापीठाला जोडल्या गेल्या, म्हणजे नावातलं भारतवर्षीय हे नुसतं नावाला नव्हतं. १९३० च्या दशकात इरावतीबाई कर्वे, कर्व्यांच्या सूनबाई, विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. १९३६ मध्ये मुख्य कचेरी मुंबईला गेली. हिंगण्याच्या झोपडीपासून निघालेली गोष्ट चर्चगेटपर्यंत पोचली.

मुंबईत गेल्यानं काय झालं याचा मी बराच विचार केला. विद्यापीठ शहराच्या मधोमध असलं की ते शहराच्या आयुष्यात मिसळतं. चर्चगेटला लोकलमधून उतरलं की चालत पाच-दहा मिनिटांवर कॉलेज, म्हणजे विरारची मुलगीही येऊ शकते, सकाळचं कॉलेज करून दुपारी नोकरी करू शकते. बापाला मुलीला दूर पाठवायची भीती वाटते तिथे होस्टेल आहे आणि सगळ्या मुलीच आहेत एवढ्या एका वाक्यावर कोकणातल्या, खानदेशातल्या किती मुली घराबाहेर पडल्या असतील. मला माहितेय, आज कोणी म्हणेल की फक्त मुलींचं कॉलेज म्हणून पाठवणं हे मागासलेपणाचं. असेल. पण त्या दारातून बाहेर पडलेल्या मुली पुढे कुठे कुठे गेल्या ते बघा. १९७४ मध्ये याच विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं, देशातलं पहिलं. म्हणजे जिथे एकेकाळी चांगली गृहिणी घडवायची भाषा होती तिथेच गृहिणीच्या कामाला काम का म्हणत नाहीत असे प्रश्न विचारले जायला लागले. ज्यांना दुय्यम पदवी म्हणून हिणवलं त्यांच्याच संस्थेतून हे आलं, मला याचा फार अभिमान वाटतो.

आणि मग आमच्या आईचा भाग. १९७९ पासून विद्यापीठानं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. आईचं बारावीनंतर लग्न झालं होतं. मी सहावीत होते तेव्हा तिनं नाव घातलं. पोस्टमन जाड खाकी पाकीट आणायचा, त्यात छापील नोट्स, आणि आई दुपारी सगळं आवरून स्वैपाकघराच्या ओट्याशी स्टुलावर बसून वाचायची, कारण ती खोलीत जाऊन दार लावून वाचायला लागली की आजोबा विचारायचे काय चाललंय. ओट्याशी असली की काम करतेय असं वाटायचं. नोट्सच्या कडांना हळदीचे डाग पडलेले, मला अजून आठवतात. परीक्षेच्या आधी आम्ही दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला, मी भूगोल, ती समाजशास्त्र. तिला सेकंड क्लास मिळाला. त्या दिवशी माईआजी आली होती, वय ऐंशीच्या आसपास, तिनं आईच्या हातावर साखर ठेवली आणि विचारलं, तुझी मान्य आहे ना गं? तेव्हा मला प्रश्न कळलाच नव्हता. आता ते पोस्टकार्ड बघितल्यावर कळला.

मान्यता. १९४९ मध्ये मुंबई सरकारनं कायदा केला आणि हे विद्यापीठ कायद्यानं विद्यापीठ झालं, १९५१ पासून आजचं नाव, एसएनडीटी महिला विद्यापीठ. कर्वे तेव्हा नव्वदी ओलांडलेले. ते त्यांना बघायला मिळालं, १९५८ ला शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, आणि १९६२ मध्ये ते गेले, १०४ वर्षांचे होऊन. पण माईआजीचं १९३९ चं काय? १९१६ ते १९४९ या मधल्या वर्षांत ज्या मुली शिकल्या त्यांनी असा कागद हातात घेतला ज्यावर सरकारी नोकरी मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी घेतला. घरच्यांचं ऐकून घेतलं, मुलं झोपल्यावर कंदिलापाशी अभ्यास केला, फी भरली, परीक्षा दिल्या. आपण विद्यापीठाचा इतिहास लिहिताना संस्थापक लिहितो, देणगीदार लिहितो, कायद्याचं साल लिहितो. या मुली नसत्या तर ३३ वर्षांनी सरकार मान्यता देणार कशाला होतं? विद्यापीठ चालू राहिलं होतं ते यांच्यामुळे, यांनी त्या पदवीला आधी मान्यता दिली. कर्व्यांच्या आणि ठाकरसींच्या बरोबरीनं यांचं नाव भिंतीवर पाहिजे असं मला मनापासून वाटतं, सगळ्यांची, वर्षवार, आडनावांसकट.

विद्यापीठाचं ब्रीदवाक्य आहे 'संस्कृता स्त्री पराशक्तिः'. भाचीच्या आयकार्डावर बघायला गेले तर ती म्हणाली मावशी, हे मी कधी वाचलंच नव्हतं. तिला मी गृहीतागमा शब्द सांगितला, तिनं मोबाइलवर स्वतःच्या बायोमध्ये लिहून टाकलाय.

माईआजीला पुढे एका खाजगी मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली, तिथल्या बाई स्वतः हिंगण्याच्या, त्यांनी पदवीचा कागद मागितलासुद्धा नाही असं आई सांगते. बावीस वर्षं शिकवलं तिनं. परवा मी ते नकाराचं पोस्टकार्ड पुन्हा नीट उजेडात धरून बघितलं. तीन ओळींच्या खाली बरीच जागा रिकामी होती, कागद वाया घालवायची तिला सवय नव्हती. त्या जागेत पेन्सिलीनं, अगदी बारीक, अकरा मुलींची नावं लिहिलीत, एकाखाली एक, पहिली नावं फक्त. पुढे हजेरीच्या रेघा. आणि सगळ्यात खालच्या नावापुढे लिहिलंय, 'पुस्तक नाही, आपले देणे'.